आधी ‘शपथ सुटली’ म्हणा

वाचकांचे प्रश्न आणि समुपदेशकाची उत्तरे

१० सप्टेंबर हा दिवस २००३ पासून जगभर आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो, आणि दरवर्षी त्याच्या मागेपुढे या सदराकडे येणारी पत्रे वाढतात. यंदाची पत्रे वाचताना जाणवले की लिहिणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांनी स्वतःविषयी नव्हे, तर मित्राविषयी किंवा मैत्रिणीविषयी विचारले आहे. (‘माझा एक मित्र आहे’ अशी सुरुवात करून स्वतःचेच दुखणे सांगण्याची आपल्याकडची जुनी रीत मला ठाऊक आहे, त्या वाचकांनीही ही उत्तरे आपलीच समजावीत.) ओळख पटेल असा तपशील सर्व पत्रांतून बदलला आहे. वाचता वाचता कोणाला स्वतःलाच असह्य वाटू लागले, तर पुढचे पान न उलटता १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची मदतसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती चोवीस तास आणि विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : मी राजारामपुरीतील मुलींच्या एका वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. माझ्या खोलीतील मैत्रीण चंदगडकडची आहे. पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यापासून ती मेसमध्ये जेवायला येत नाही आणि रात्र रात्र जागी असते. परवा तिने आपली सगळी पुस्तके मला देऊन टाकली. दोन वर्षे समासात बारीक अक्षरात टिपणे काढलेली ती पुस्तके ती कोणाला हातही लावू देत नसे. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “माझ्यापायी घरच्यांचा नुसता खर्च झाला. मी नसते तर सगळे सुटले असते.” आणि लगेच, “कोणाला सांगितलंस तर तुला माझी शपथ आहे.” शपथ मोडली तर मैत्री तुटेल आणि पाळली तर भीतीने झोप लागत नाही. मी काय करावे?

उत्तर : हे उत्तर अंक छापून होईपर्यंत थांबवण्यासारखे नव्हते. पत्रात दिलेल्या क्रमांकावर त्याच संध्याकाळी आमचे बोलणे झाले, आणि तुमची मैत्रीण आज घरच्यांजवळ आहे व तिच्यावर उपचार सुरू आहेत. तरीही हे पत्र तिच्या आणि तुमच्या संमतीने येथे देतो आहे, कारण शपथेचा हाच पेच आणखी चार पत्रांत आहे.

लहानपणी कोणी शपथ घातली की आपण त्याच्या मागे लागायचो, “आधी शपथ सुटली म्हण.” घालणाऱ्याने ‘सुटली’ म्हटले की दोघेही मोकळे होत असत. मोठेपणीही पहिला प्रयत्न हाच करावा. मैत्रिणीजवळ बसून सांगावे, “तू घातलेली शपथ मला पाळता येणार नाही. तू रागावलीस तर मी तो राग सोसेन. पण हे एकटीने पोटात ठेवण्याइतकी माझी ताकद नाही. शपथ सुटली म्हण, आणि कोणाला सांगायचे ते आपण दोघी मिळून ठरवू.” पुष्कळदा समोरची व्यक्ती रडते आणि ‘सुटली’ म्हणते, कारण शपथ घालतानाही कोणाला तरी हे कळावे असे तिला मनातून वाटत असते. तिने म्हटले नाही, तरी सांगायचेच. रुसलेली मैत्रीण पुढे कधीतरी बोलू लागते. यापुढेही कोणी “एक सांगते, पण कोणाला सांगायचे नाही” अशी सुरुवात केली, तर ऐकण्याआधीच म्हणावे, “सांग, पण तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मी गप्प बसणार नाही.”

आता तुमच्या पत्रातील खुणांविषयी. जेवण सुटणे आणि रात्रीची जाग या गोष्टी परीक्षेच्या ताणातही दिसतात आणि त्यांवरून लगेच निष्कर्ष काढू नये. परंतु आपण इतरांवर ओझे झालो आहोत असे बोलून दाखवणे, आणि जिवापाड जपलेली वस्तू अचानक देऊन टाकणे, या दोन खुणा त्यांच्या जोडीला आल्या की थांबायचे नसते. माणूस मागची आवराआवर करतो आहे का, हा प्रश्न अशा वेळी मनात यायला हवा. कित्येक दिवस खचलेली व्यक्ती एकाएकी शांत आणि हसरी दिसू लागली, तर तेही जवळ जाऊन विचारण्याचे निमित्त समजावे. काही वेळा तो खराच उतार असतो. काही वेळा मात्र मनाशी काहीतरी ठरवून झाल्याची ती शांतता असते.

विचारायचे कसे, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेले नसते. मराठीत या विषयाभोवती आडून बोलण्याचे शब्द भरपूर आहेत. ‘जिवाचं काही बरंवाईट करून घेऊ नकोस’ हे वाक्य आपण अगदी सहज बोलतो. पण त्यात प्रश्न नसतो, आर्जव असते, आणि आर्जवाला “नाही गं” एवढे उत्तर दिले की विषय मिटतो. त्यापेक्षा सरळ विचारावे, “जगू नये, जीव द्यावा, असे तुझ्या मनात येते का?” आवाज नेहमीचाच असावा आणि खोलीत तिसरे कोणी नसावे. विचारून झाल्यावर गप्प राहावे, ती शांतता कितीही लांबली तरी. “तू तसले काही करणार नाहीस ना?” असे विचारू नये, कारण आपल्याला कोणते उत्तर हवे आहे ते त्या ‘ना’मधूनच तिला कळते.

उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, आईवडिलांच्या कष्टांची आठवण देऊ नये, आणि ‘त्यात काय एवढं, पुढच्या वर्षी होशील पास’ असेही म्हणू नये. “हे मला सांगितलेस, बरे केलेस” एवढे पुरते. त्यानंतर हे विचार कधीपासून येतात, आज रात्रीचा काही बेत मनात आहे का, हेही तितक्याच सरळपणे विचारावे. बेत असेल तर तिला क्षणभरही एकटे सोडू नये, तिला धोका होईल अशा वस्तू खोलीतून हलवाव्यात आणि मोठ्या माणसाला त्याच वेळी बोलवावे. मोठे माणूस म्हणजे वडीलच असे नव्हे. ओरडणाऱ्या वडिलांपेक्षा ऐकून घेणारी मावशी, थोरली बहीण किंवा वसतिगृहाच्या रेक्टर बाई त्या घडीला अधिक उपयोगी पडतात. तेथूनच १४४१६ ला फोन लावून फोन मैत्रिणीच्या हाती द्यावा, आणि प्रसंग हाताबाहेर जातो आहे असे वाटल्यास ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला कळवावे.

आणखी एक गोष्ट. फोनवर तुम्ही मला सांगितले होते की आठ दिवस तुम्ही नीट डोळाही न मिटता तिच्यावर पहारा ठेवला. त्यामागची माया मला कळते. पण तुमचे काम विचारणे, ऐकणे आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवणे एवढेच आहे. त्यापुढचा भार त्यासाठी शिकलेल्या माणसांनी उचलायचा असतो. तुमचीही परीक्षा जवळ आली आहे, तेव्हा तुम्हीही कोणाशी तरी या आठ दिवसांविषयी बोलावे.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या महाविद्यालयात या विषयावर कार्यशाळा होणार असून पालकांची संमती मागितली आहे. ज्या मुलांच्या डोक्यात असले काही नाही, त्यांच्या डोक्यात ते घालण्याचा हा प्रकार नाही का? — एक आई, कसबा बावडा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि ती अनेक शिक्षकांनाही येते. ती संशोधकांनाही आली होती, म्हणूनच तिची तपासणी झाली. आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारल्याने ते विचार वाढतात का, हे पाहणाऱ्या १३ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एकाही अभ्यासात तशी लक्षणीय वाढ आढळली नाही. उलट ज्यांच्या मनात हे विचार आधीपासून होते, त्यांना विचारले गेल्याने थोडे हलके वाटण्याची शक्यता दिसली.

तरीही तुमच्या भीतीत तथ्याचा एक अंश आहे आणि तो झटकून टाकू नये. कार्यशाळेत कोणी मृत्यूची पद्धत, जागा किंवा चिठ्ठीतला मजकूर रंगवून सांगत असेल, मेलेल्याला शूर ठरवत असेल, किंवा अमुक एका कारणाने जीव दिला अशी एकेरी गोष्ट सांगत असेल, तर कोवळ्या मनावर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा : कार्यशाळा कोण घेणार आहे, आणि कार्यशाळा चालू असताना एखादी मुलगी रडू लागली तर तिच्याजवळ कोण बसणार आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आयोजकांकडे तयार असेल तर मुलीला अवश्य पाठवा.

प्रश्न : मी महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. दरवर्षी आम्ही १० सप्टेंबरला भित्तिपत्रक स्पर्धा घेतो, एका तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवतो आणि हातात फलक घेऊन बिंदू चौकापर्यंत फेरी काढतो. खरे सांगायचे तर याचा उपयोग किती होतो, याची मला शंका आहे. काय बदलावे?

उत्तर : तुमची शंका मला फेरीपेक्षा मोलाची वाटते. फेरीने विषय उघड्यावर येतो हे खरे, आणि पूर्वी तेवढेही होत नव्हते. परंतु ‘जीवन सुंदर आहे’ असा फलक ज्याला ते तसे वाटत नाही त्याच्या डोळ्यांपुढून गेला, तर आपणच कोठेतरी चुकलो अशी त्याची समजूत आणखी घट्ट होते. विषय माहीत असणे आणि मित्राच्या शेजारी बसून तोंड उघडता येणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर व्याख्यानाने कापले जात नाही.

युरोपातील १० देशांत १६८ शाळांमधील ११,००० हून अधिक किशोरवयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात तीन वेगवेगळे उपाय करून पाहिले गेले. एका गटात शिक्षकांना खुणा ओळखण्याचे शिक्षण दिले, दुसऱ्या गटात तज्ज्ञांनी प्रश्नावलीवरून धोक्यातील विद्यार्थी हुडकले, आणि तिसऱ्या गटात थेट विद्यार्थ्यांनाच हाताशी धरले. चार आठवड्यांत मिळून सुमारे पाच तास, त्यातले तीन तास भूमिका वठवणे आणि चर्चा, सोबत एक पुस्तिका, वर्गात लावायची भित्तिपत्रके आणि दोन लहान व्याख्याने, असा तो कार्यक्रम होता. वर्षानंतर पाहिले तेव्हा तिसऱ्या गटातील आत्महत्येचे प्रयत्न आणि तीव्र विचार, ज्यांना फक्त भित्तिपत्रके दाखवली होती त्या गटाच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आले होते. पहिल्या दोन उपायांत असा ठोस फरक दिसला नाही. म्हणून शिक्षकांना शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. पण मुले आपले दुःख पहिल्यांदा शिक्षकाला सांगत नाहीत, ती आपापसांत सांगतात, आणि ऐकणारा तयार असेल तर पुढची वाट सापडते. युरोपातील वर्ग आणि आपला वर्ग सारखे नाहीत, हे गृहीत धरूनही ही दिशा मला पटते.

भूमिका वठवण्याने काय साधते ते एका प्रसंगावरून सांगतो. गेल्या वर्षी एका वर्गात दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता तिरप्या ठेवून मी दोन मुलांना बसवले. एकाने नापास झालेल्या मित्राची भूमिका घ्यायची होती आणि दुसऱ्याने त्याची विचारपूस करायची होती. पहिला म्हणाला, “घरी जायचं मन होत नाही.” दुसऱ्याने दम न घेता उत्तर दिले, “सोड रं, होतंय की सगळं!” वर्ग हसला. मी पहिल्याला विचारले, आता पुढे काय बोलणार होतास? तो थोडा वेळ पायांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “बोलणार होतो सर, पण आता बोलावंसं वाटेना.” वर्गातले हसू तेथेच थांबले. दुसऱ्या मुलाने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा त्याने फक्त “घरी का नको वाटतंय?” एवढेच विचारले आणि हात मांडीखाली दाबून गप्प बसला. ते दाबलेले हात मला अजून आठवतात. गप्प बसण्यासाठी त्याला खरेच ताकद लावावी लागत होती.

तेव्हा या वर्षी व्याख्यान पाऊण तासाचे करा आणि उरलेला वेळ असा द्या. तीस-चाळीस मुलांच्या तुकड्या करा, कारण सभागृहात चारशे जणांसमोर कोणी तोंड उघडत नाही. प्रत्येकाला वरच्या पहिल्या उत्तरातला ‘सरळ प्रश्न’ एकदा तरी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या बोलीत उच्चारायला लावा. सुरुवातीला मुले ओशाळतात, पण घरी किंवा वसतिगृहाच्या खोलीत तो प्रश्न पहिल्यांदाच उच्चारण्यापेक्षा वर्गात अडखळलेले बरे. शेवटी प्रत्येकाच्या फोनमध्ये १४४१६ हा क्रमांक त्याच ठिकाणी साठवून घ्या. आणि हे सारे एका दिवसात उरकू नका. निकालाच्या आठवड्यात पुन्हा एकदा बसा.

आपल्या प्राचार्यांना दाखवण्यासाठी एक आधारही देतो. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरातील शिक्षणसंस्थांना १५ मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधावे, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण व्हावे, आणि मदतक्रमांक वसतिगृहांत व वर्गांत ठळक लावावेत, असे त्यांत सांगितले आहे. यांतील ‘शिक्षकेतर’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मुलगा जेवला की नाही हे मेसच्या मावशींना प्राध्यापकांच्या कितीतरी आधी कळते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली आणि या शहराला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. घरापासून दूर राहून शिकणारी मुले सांभाळण्याचा अनुभव कोल्हापूरला शंभर वर्षांहून अधिक आहे. त्या अनुभवात आता या एका कामाची भर घालायची आहे.

प्रश्न : आमचे तालीम मंडळ आहे. फुटबॉलच्या हंगामात आम्ही सगळे रोज एकत्र असतो. आमच्यातला एक जण नोकरी सुटल्यापासून फार पितो आणि रात्री दोन-तीनला उदास स्टेटस टाकून सकाळी पुसून टाकतो. “काय भावा, काय चाललंय?” विचारले की “निवांत” म्हणतो. बाकीचे म्हणतात, नाटके करतोय. — एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : आपल्या कोल्हापुरात ‘निवांत’ हा शब्द ज्याचा संसार सुरळीत आहे तोही वापरतो आणि ज्याचे पायाखालचे सरकले आहे तोही. त्याचा अर्थ आवाजावरूनच लावावा लागतो. म्हणून एक साधी सवय लावून घ्या : दुसऱ्यांदा विचारा. “निवांत काय? खरं सांग.” पहिल्या प्रश्नाला माणूस रिवाज म्हणून उत्तर देतो, दुसऱ्यांदा विचारल्यावर मात्र तो क्षणभर तुमच्या तोंडाकडे पाहतो, आणि तेवढ्यात पुष्कळ काही कळते.

‘नाटके करतोय’ या मताविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. समजा, तो लक्ष वेधून घेण्यासाठीच रात्री तीनला लिहितो. ज्याला लक्ष वेधण्यासाठी तीन वाजेपर्यंत जागावे लागते, त्याच्याकडे कोणाचे तरी लक्ष जाणे गरजेचेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली आणि त्यांतील दर दहापैकी सात पुरुष होते. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची, म्हणजे २२,७४६ होती. ‘पोरगा आहे, सावरेल’ असे म्हणणाऱ्यांपुढे हे आकडे ठेवा.

पुरुष समोरासमोर बसून मन मोकळे करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. ते शेजारी शेजारी असताना बोलतात, म्हणजे गाडीवर मागे बसून, मैदानावर बूट सोडताना किंवा मिसळीच्या टेबलावर नजर ताटात ठेवून. तेव्हा त्याला मंडळाच्या कट्ट्यावर सगळ्यांदेखत विचारू नका. कोणीतरी एकाने, ज्याचे त्याच्याशी सर्वांत जुने नाते आहे त्याने, काहीतरी काम काढून बरोबर न्यावे. तो प्यायलेला असताना मात्र समजूत घालण्याच्या भरीस पडू नका. त्या वेळी गाडीची किल्ली काढून घ्या, घरापर्यंत सोबत करा, घरात कोणी जागे आहे ना ते पाहा आणि बोलणे दुसऱ्या दिवसावर ठेवा. पण त्याच अवस्थेत तो जीव देण्याची भाषा करू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. दारूच्या अंमलाखाली एरवी आवरलेला विचार हातून घडून जातो, म्हणून त्या रात्री त्याच्याजवळ कोणीतरी राहावे आणि घरच्यांना उठवावे.

पुढची पायरी डॉक्टरांची. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असून तेथे मनोविकार विभाग आहे. “तुला वेड लागलंय, चल” अशा थाटात त्याला न्याल तर तो येणार नाही. “झोप नाही, पिणं वाढलंय, एकदा दाखवून येऊ, मी आहे सोबत” असे म्हणा, आणि केसपेपरच्या रांगेत त्याच्या आधी तुम्ही उभे राहा. मंडळाच्या बाकीच्यांना तो कोठे गेला होता हे सांगण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : मित्राला वाचवायला दवाखान्यात नेले तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो असे ऐकले आहे. हे खरे का?

उत्तर : ही भीती जुन्या कायद्यातून आली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्याविरुद्ध काही सिद्ध झाल्याखेरीज तिला शिक्षा होत नाही, आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याचे कर्तव्य सरकारवर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतील, या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे कलम ३०९ च उरलेले नाही. एखाद्या लोकसेवकाला काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठरतो. रुग्णालयातून पोलिसांना कळवले जाऊ शकते आणि जबाबही घेतला जाऊ शकतो, पण ती नोंद असते. त्या भीतीने दवाखान्यात नेण्यास पाच मिनिटेही उशीर करू नये.

प्रश्न : माझा मित्र दीड वर्षापूर्वी गेला. आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. मी अभ्यासिकेत होतो, म्हणून “नंतर करतो” असा निरोप टाकला आणि विसरलो. आता महाविद्यालयात मित्रांच्या खुणा ओळखायच्या कार्यशाळा होतात. प्रत्येक खूण ऐकताना वाटते, हे सारे मला दिसले होते. त्या कार्यशाळेतून मी उठून आलो.

उत्तर : उठून आलात ते योग्यच केलेत. या कार्यशाळा घेणारे आम्ही लोक एक गोष्ट पुरेशा स्पष्टपणे सांगत नाही, ती तुमच्या पत्राने मला खडसावून सांगितली. खुणांची यादी ही पुढे पाहण्यासाठी असते. मागे वळून पाहताना प्रत्येक साध्या गोष्टीला खुणेचे रूप येते, कारण शेवट आपल्याला आता ठाऊक असतो. अभ्यासिकेत बसून ‘नंतर करतो’ असा निरोप आपण सगळे आठवड्यातून दहा वेळा टाकतो आणि त्यातले निम्मे विसरतोही. त्या दिवशी तुम्हाला जे माहीत होते तेवढ्यावर तुम्ही वागलात.

एका फोनने मरण आले नाही, आणि एका फोनने ते नक्की टळले असते असेही कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. माणसाला त्या टोकापर्यंत नेणारी कारणे अनेक असतात आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात : आजार, घरातील वाद, पैसा, एखादा अपमान, उपचार न मिळणे. त्या गुंत्यातली फक्त एकच गाठ तुमच्या हातात होती, म्हणून ती तुम्हाला सर्वांत मोठी दिसते.

आत्महत्येने जवळचे माणूस गमावलेल्यांच्या मनातही असे विचार घर करू शकतात, म्हणून तुम्हालाही सरळ विचारतो : तुमच्या स्वतःच्या मनात जगू नये असे येते का? येत असेल तर आजच १४४१६ ला फोन करा. येत नसले, तरी दीड वर्ष हे कोणाला सांगितले नसेल तर समुपदेशकाकडे जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. त्याच्या आईला भेटावेसे वाटते पण धीर होत नाही, असे तुम्ही पत्राच्या शेवटी खोडून लिहिले आहे. भेटा. तिच्याशी त्याच्या मरणाविषयीच बोलले पाहिजे असे नाही. लेकाचे नाव घेणारे माणूस घरी आले, तरी पुष्कळ आयांना बरे वाटते.

प्रश्न : माझा वर्गमित्र प्रयत्नातून वाचला आणि सोमवारपासून पुन्हा वर्गात येणार आहे. आम्ही त्याच्याशी कसे वागावे? काही बोलू नये का?

उत्तर : वाचल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने धोक्याचे असू शकतात, म्हणून तो आता ‘सुटला’ असे समजून दूर राहू नका. स्वागताचा समारंभ नको आणि कारणांची चौकशीही नको. काय घडले ते कोणाला किती सांगायचे हे तो ठरवेल. वर्गाच्या गटावर त्याविषयी आलेले संदेश पुढे पाठवू नका आणि कोणी पाठवले तर तेथेच थांबवा. बुडलेल्या तासांच्या वह्या कोणी द्यायच्या ते रविवारीच ठरवून ठेवा. सोमवारी सकाळी त्याच्या नेहमीच्या बाकावरची जागा धरून ठेवा, आणि तो आला की थोडे सरकून म्हणा, “आलास, बरं झालं. दुपारी डबा बरोबर खाऊ.”